चौकातली सिस्टर

त्या चौकात मी पहिल्यांदा गेले ती हातात टेप घेऊन, रिकाम्या चौथऱ्याचं माप घ्यायला. सकाळची वेळ होती. दुकानांची शटरं वर जात होती, झाडूवाली रस्ता झाडत होती, आणि आमचे हे टेपचं एक टोक धरून चौथऱ्यापाशी उकिडवे बसले होते. "नीट धर गं, नाहीतर सिस्टरचा एक पाय हवेत राहील," म्हणाले. कुठल्याही कामात एखादा विनोद केल्याशिवाय यांना चैन पडत नसे.

आमचं काम पुतळे करण्याचं. हे सळ्या वाकवून, वेल्डिंग करून आतला सांगाडा उभा करतात आणि मी त्याच्यावर माती चढवते. मग साचा, मग ओतकाम. कुणी विचारलं की हे सांगायचे, "हाडं माझी, मांस हिचं. भांडण झालं की पुतळा लंगडा."

त्या गावात आम्ही नवीनच होतो. नगरपालिकेचं काम मिळालं म्हणून चौकामागच्या गल्लीत एक जुनं गोदाम भाड्याने घेतलं होतं. खाली काम, वर पोटमाळ्यावर बिऱ्हाड. चौकाचं नाव सिस्टर चौक. बसचा कंडक्टरसुद्धा "चला, सिस्टरवाले उतरा" असंच ओरडायचा. पण चौकात सिस्टर नव्हती. छातीएवढा उंच दगडी चौथरा होता, त्याच्यावर जाहिराती चिकटवलेल्या, आणि वर काही नाही.

नगरपालिकेचे इंजिनियर साहेब नुकतेच बदलून आलेले, तरुण, उत्साही. त्यांना हकीकत माहीत होती ती एवढीच. फार पूर्वी गावात साथ आली. ज्यांना पळता आलं ते पळाले, दवाखान्यातला डॉक्टरही गेला. एक सिस्टर तेवढी मागे राहिली. रात्रंदिवस ती रोग्यांच्या उशाशी बसून असायची. साथ ओसरत आली तेव्हा तिलाच ताप चढला आणि ती गेली. गावाने वर्गणी काढून चौकात तिचा पुतळा बसवला.

"मग तो गेला कुठे?" मी विचारलं.

"मध्ये रस्ता रुंद केला ना, त्यात गेला असेल. नक्की कुणी सांगतच नाही हो, मॅडम. म्हणून तर नवीन करायचाय. हे जुने फोटो मिळालेत, बघा कामाला येतात का."

फोटो पिवळे पडलेले होते. एकात पुतळ्याच्या मागे दवाखाना दिसत होता, एकात शाळा, एकात बाजाराची कमान. पायघोळ झगा, वर एप्रन, डोक्याला घट्ट बांधलेली टोपी, दोन्ही हात पुढे एकमेकांत गुंफलेले. चेहरा पुसट झालेला. पण सगळ्या फोटोंत ती समोरूनच.

"दवाखाना आणि शाळा तर समोरासमोर आहेत," मी यांना म्हटलं. "मग दोन्हीकडून समोरून कशी?"

"मधे कधीतरी फिरवून बसवली असेल. आणि मागून फोटो कोण काढतं गं कुणाचा?"

पटलं मला ते. पण नव्या पुतळ्याचं तोंड कुठल्या बाजूला करायचं हे तर ठरवायला हवं होतं. म्हणून मी चौकात विचारत फिरले.

शाळेच्या बाजूला एक शिलाईवाली होती, साठीच्या पुढची. तिच्या दुकानात शिरले आणि मला जरा नवल वाटलं. बाई बसली होती आतल्या भिंतीकडे तोंड करून, उजेडाकडे पाठ. सुईत दोरा ओवताना दर वेळी मान वाकडी करून दाराकडच्या उजेडात सुई धरत होती, पण मशीन काही फिरवून घेतलं नव्हतं.

"सिस्टर ना? आमच्याकडे बघायची," ती मान वर न करता म्हणाली. "नीट आमच्या दारात. मी लहान होते तेव्हा."

समोर दवाखान्याच्या बाजूला एक म्हातारा न्हावी होता. त्याला विचारलं. त्याने गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण पुसला आणि म्हणाला, "आमच्याकडे." आणि थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, "सगळेच असं सांगतील तुम्हाला. नका विचारत बसू, बाई."

मला वाटलं, गावातल्या गावात चढाओढ असते, तसलं काहीतरी असेल. आम्ही दवाखान्याकडे तोंड करायचं ठरवलं आणि कामाला लागलो.

यांनी सांगाडा उभा करून फिरत्या पाटावर बसवला. मी माती चढवायला घेतली. काम इतकं सुरेख चाललं की मलाच आश्चर्य वाटावं. झग्याच्या चुण्या, एप्रन, ते गुंफलेले हात. चेहऱ्याला फोटोचा आधार नव्हता, तरी तो एका बैठकीत झाला. आमच्या धंद्यात म्हणतात ना, चेहरा केला नाही, आला. थकलेली, जागरणाने डोळे ओढलेली, पण लक्ष सगळं समोरच्या माणसावर असलेली बाई. गोदामात ओल्या मातीचा वास असायचाच. त्या दिवसापासून त्यात फिनेलचा वास मिसळला. मी यांना विचारलं, फरशी पुसली का? हे म्हणाले, "मी? फरशी?"

पुढची बाजू झाली. आता पाठ राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओलं फडकं काढलं, मातीचा गोळा घेतला आणि मागच्या बाजूला गेले.

समोर चेहरा होता.

मला वाटलं, यांनी पाट फिरवलाय. "अहो, मला न सांगता कशाला हात लावता?" म्हणून ओरडले. हे अंगणात सळ्या कापत होते, आत येऊन म्हणाले, "मी सकाळपासून आत पाऊल ठेवलेलं नाही."

मी पाट अर्धा फिरवला. चेहरा समोरच. मग पाटाखाली लाकडाच्या पाचरी ठोकल्या, म्हणजे हलायलाच नको. खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. ती माझ्याकडे बघत होती. दारापाशी गेले. ती माझ्याकडे बघत होती. पाट हलला नव्हता, माती हलली नव्हती. मी भिंतीला घासत, तिच्यावरची नजर न काढता, सगळी खोली फिरून आले... आणि तिला कुठूनच मागची बाजू नव्हती.

"अहो, तुम्ही दारात उभे राहा," मी म्हटलं. मी खिडकीपाशी, हे दारात, मध्ये ती. "काय दिसतंय?"

"चेहरा."

"मलाही."

हे हसले नाहीत. म्हणाले, "डोळे थकलेत आपले. उजेडाचा काहीतरी खेळ असेल. चल, चहा टाक."

दुपारी हे बाहेर गेल्यावर मी एक केलं. डोळ्यांवर भरवसा नसला तर आम्हा लोकांना हात असतात. मी तिच्या अगदी समोर उभी राहिले आणि तिला मिठी मारावी तसे दोन्ही हात तिच्या डोक्यामागे नेले. तिथे मी अजून काहीच केलं नव्हतं. सळ्या आणि चेपलेली ओबडधोबड माती लागायला हवी होती.

बोटांना कपाळ लागलं. मग भुवया. मग पापण्या. मी हात खाली सरकवले... नाक, ओठ. तो चेहरा माझ्यासमोरच्या चेहऱ्यासारखा नव्हता, गालफडं बसलेली होती. आणि माती, जी रात्रभर ओल्या फडक्याखाली गार पडायला हवी, ती कढत होती. तापाच्या माणसाचं अंग लागतं तशी.

मी तशीच, मातीच्या हातांनी, चौकात धावत गेले. न्हाव्याच्या दुकानात दुपारचं कुणी नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, उठून दार लोटलं आणि मला खुर्चीवर बसवलं.

"झाली का तयार?" त्याने विचारलं.

"काका, तिला पाठच नाहीये."

"आहे," तो म्हणाला. "आहे पाठ. ती दिसली नाही तोवरच बरं."

मग त्याने सांगितलं. त्याची आजी त्या साथीत दवाखान्यात होती आणि बरी होऊन घरी आली होती. ती सांगायची, सिस्टर आपल्याकडे तोंड करून बसली की समजायचं, आपण जगतो. आणि ज्याचं आता काही खरं नाही, त्याच्याकडे पाठ करून ती पुढच्या कॉटकडे वळायची. "दुष्टपणाने नाही हो, बाई. एकटी ती, कुणाकुणाला पुरणार? पण रोगी मरायला नाही, तिच्या वळण्याला घाबरायचे."

पुतळा बसला तेव्हा गाव खूश होतं. चौकात कुठेही उभं राहा, सिस्टर आपल्याकडेच बघते, म्हणून लोक कौतुकाने पाहुण्यांना दाखवायचे.

"माझा थोरला भाऊ एकदा सकाळी दुकानापुढे पाणी मारत होता," न्हावी म्हणाला. "मला हाक मारून म्हणतो कसा, 'अरे, आज सिस्टरने पाठ फिरवली आपल्याकडे. टोपीच्या नाड्या बघ कशा बांधल्यात, एक लांब, एक आखूड.' मी पाहिलं. मला तर तोंडच दिसत होतं. मी हसलो, तोही हसला. धडधाकट माणूस, काही आजार नाही, पाजार नाही. दिवेलागणीला खुर्चीत बसल्या बसल्या गेला. तुम्ही बसलाय ना, ह्याच जागी होती ती खुर्ची."

मी उठले.

"मग दुसरा. मग शाळेतली एक बाई. ज्याला नाड्या दिसल्या, तो संध्याकाळ बघायचा नाही. लोकांनी चौकाकडे बघायचं सोडलं. मशिनं फिरवली, खिडक्या रंगवून टाकल्या. शिलाईवालीच्या आईने मुलीला कायमचं भिंतीकडे तोंड करून बसवलं, ती अजून तशीच बसते. शेवटी एक दिवस सगळं गाव उठलं. आधी ताडपत्री टाकली, मग दोर लावले. मीही ओढलाय दोर. खाली आल्यावर ताडपत्रीवरूनच घण घातले. तुकड्यांची खडी केली आणि रस्त्यात टाकली. तुम्ही आत्ता आलात ना, तिच्यावरूनच आलात."

"आणि पाठ बघून कुणीच वाचलं नाही? एकसुद्धा?"

तो वस्तरा उचलून पुसायला लागला. वस्तरा स्वच्छच होता.

गोदामात परत आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हे आत उभे होते, हातात चहाचा कप. पुतळ्याकडे बघत होते आणि चांगले खुशीत होते.

"कुठे गायब झालीस? आणि मला म्हणत होतीस पाठ होत नाही, पाठ होत नाही! कधी केलीस? एकदम झकास झालीय."

मी दारातच थांबले. मला ती समोरून दिसत होती. थेट माझ्याकडे बघत होती.

"काय दिसतंय तुम्हाला?" मी विचारलं.

"काय म्हणजे? पाठ. खांदे कसे दमलेले दिसतात बघ. आणि त्या टोपीच्या नाड्या... एक लांब, एक आखूड ठेवलीस ना, ती तर कमाल आहे. घाईत बांधल्यासारखी."

मी हातोडा कधी उचलला ते आठवत नाही. पहिला घाव डोक्यावर घातला. "अगं, अगं, काय करतेस! वेड लागलं का?" म्हणून हे धावले. मी यांना ढकललं. हयातीत यांना कधी हात लावला नव्हता मी तसा. माती ओली, ती फुटत नाही, चेपते. प्रत्येक घावाला तो चेहरा वेडावाकडा व्हायचा आणि तरी माझ्याकडेच वळलेला असायचा. रागाने बघत नव्हती ती. वॉर्डाच्या दाराशी थांबलेल्या नातेवाइकांकडे सिस्टर बघते ना, आत काय झालंय ते माहीत असून... तशी बघत होती. शेवटी मी यांची पहार घेतली, सांगाडा आडवा पाडला, माती हातांनी ओरबाडून काढली आणि पाण्याच्या टाकीत लोटली. त्यात मग चेहरा राहिला नाही, काहीच राहिलं नाही. चिखल राहिला.

हे पायरीवर डोकं धरून बसले होते. मी जवळ जाऊन यांचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

ऊन गेलं. समोरच्या घरात दिवा लागला. मी यांच्या नाडीवर बोट ठेवून बसले होते. हे मला बोलत होते, खूप बोलत होते, सगळी मेहनत मातीत घातलीस, आता साहेबांना काय तोंड दाखवायचं, उद्या डॉक्टरकडे चल. त्या बोलण्याइतकं गोड मी जन्मात काही ऐकलं नाही. दिवेलागण टळली. जेवायची वेळ झाली, हे जेवले. रागारागात एक पोळी जास्तच खाल्ली. सकाळी उठून चहा मागितला. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत रडून घेतलं.

साहेबांना आम्ही सांगितलं की हे काम आमच्याने होणार नाही. त्यांनी फार खोदून विचारलं नाही. सामान बांधलं. टेम्पो ठरवायला हे स्टँडकडे निघाले आणि मी गोदामाच्या दारात उभी राहून यांना जाताना बघत राहिले.

गल्ली लांब, सरळ होती. हे चालत होते. दहा-वीस पावलं गेले, आणखी पुढे गेले, चहाच्या टपरीपाशी पोचले, आता अगदी लहान दिसायला लागले... आणि यांचा चेहरा माझ्याकडे होता. मान वळवून बघत होते असं नाही. छाती, गुडघे, पायांचे चवडे, सगळं माझ्याकडे. हे लांब जात होते, आणि समोरून दिसत होते. वळणावर दिसेनासे होईपर्यंत.

परत आल्यावर मी विचारलं, "तुम्ही उलटं चालत होता का?"

"तू खरंच डॉक्टरला दाखव," हे म्हणाले.

आता त्याला काही वर्षं झाली. आम्ही आपल्या गावी राहतो. यांना काही होत नाही. साधं पडसंही नाही. रात्री हे भिंतीकडे कूस वळवतात. मला कळतं ते, कॉट कुरकुरते, पांघरूण ओढलं जातं. आणि तरी यांचं तोंड माझ्याकडेच असतं, डोळे मिटलेले, श्वास शांत. आंघोळीच्या वेळी कधी पाठ चोळून दे म्हणतात, मी काहीतरी निमित्त काढते. यांना मिठी मारते तेव्हा हात दंडांवरच ठेवते, मागे नेत नाही.

सुरुवातीला भीती वाटायची. मग हळूहळू मी मनाशी म्हणायला लागले, जगतो त्याच्याकडेच ती तोंड करून बसायची ना? मग माझ्याकडे तोंड आहे, ते चांगलंच आहे. माणूस समोर आहे, हसतोय, बोलतोय, विनोद करतोय. एवढं पुरे. इतरांना हे कसे दिसतात, ते मी कधी कुणाला विचारलं नाही. शेजारच्यांना नाही, कुणालाच नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आमची मुलगी नोकरीसाठी लांब असते. वर्षातून एकदा येते. आज सकाळच्या गाडीने यायची होती. तिला आवडतं ते काहीतरी आणायला हे पिशवी घेऊन बाजारात गेले. नेहमीसारखी मी खिडकीतून यांचा चेहरा लहान लहान होत जाताना पाहिला आणि स्वयंपाकाला लागले.

थोड्या वेळाने बेल वाजली. मुलगी दारात उभी, प्रवासाने दमलेली, खांद्यावर बॅग. आत येऊन माझ्या गळ्यात पडली. मग चपला काढता काढता म्हणाली, "बाबा दिसले गं आत्ता कोपऱ्यावर. दोन हाका मारल्या, पण वळलेच नाहीत."

मी तिचं मनगट धरलं, नाडीवर बोट ठेवलं.

"ऐकायला कमी येतं का त्यांना? आणि आई..." तिचे डोळे भरून आले होते. "किती वाकलीय गं पाठ त्यांची."